कुठल्या झाडावरची?

1850 साली जोसेफ हूकर आणि थॉमस थॉमसन खासी टेकड्यांत हिंडत होते. तिथल्या ओकच्या रानात त्यांना निळा वांडा हे ऑर्किड भरभरून फुललेलं सापडलं. लंडनजवळच्या क्यू उद्यानासाठी त्यांनी सात माणसांची ओझी होतील इतकी झाडं उतरवून घेतली. प्रवासात त्यांची आबाळ झाली आणि इंग्लंडला जिवंत पोचली ती थोडीच. जागा बघून घ्यायला म्हणून एका गृहस्थांनी आपला माळी त्यांच्याबरोबर पाठवला होता. त्या गृहस्थांनी नंतर एकाच माणसाचं ओझं धाडलं. तेही पार मलूल होऊन पोचलं, तरी तीनशे पौंडांना विकलं गेलं. एकेक झाड तीन ते दहा पौंडांना. हूकरने हा सगळा हिशेब आपल्या ‘हिमालयन जर्नल्स’मध्ये लिहून ठेवला आहे.

त्याच ठिकाणी त्याने आणखी एक गोष्ट लिहिली आहे, आणि माझ्या लेखी ती तीनशे पौंडांहून मोलाची आहे. निळा वांडा कुठे वाढतो, हे त्याने नीट पाहिलं होतं. उघड्या रानात, वाऱ्यावर, उन्हात, हिवाळ्याची थंडी आणि पावसानंतरची कोरड सोसत. इंग्लंडातले माळी मात्र त्याला कोंदट, गरम काचघरात ठेवत, आणि हा फरक हूकरला खटकला होता. माझ्याकडे निळ्या वांडाच्या रक्ताचा एक संकर आहे. पुण्यात डिसेंबरमध्ये पारा खाली आला की माझ्या ओळखीचे लोक आपले वांडा घरात घेतात. मी माझा बाहेरच ठेवते, वारा लागेल असा. दीडपावणेदोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी झाडाच्या मूळ जागेकडे लक्ष देऊन पाहिलं, त्याचा उपयोग मला माझ्या गच्चीत होतो.

गच्चीवरचं शेडनेट पाहायला येणारे लोक किंमत विचारतात. त्यात वावगं काही नाही. पण ऑर्किडची बाजारातली किंमत टिकत नाही. ऑर्किडचं बी म्हणजे धूळ. एका बोंडात लाखो दाणे, आणि एकाही दाण्यात रोपाला पुरेल इतकं अन्न नसतं. रानात ठरावीक बुरशी त्या दाण्यात शिरली, तरच तो रुजतो. नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1899 मध्ये हे ओळखलं. मग 1922 मध्ये अमेरिकेत लुईस नडसनने साखर आणि क्षार घातलेल्या अगारवर बुरशीशिवायच बी रुजवून दाखवलं. 1960 मध्ये फ्रान्सच्या जॉर्ज मोरेलने कोंबाच्या टोकापासून सिंबिडियमची रोपं वाढवली आणि एका निवडक झाडाच्या हजारो प्रती काढण्याची वाट मोकळी झाली. एकेकाळी श्रीमंतांच्या काचघरांत मिरवणारी फॅलेनॉप्सिस आज रस्त्याकडेच्या नर्सरीत सेलोफेनमध्ये गुंडाळून उभी असतात. मला याचा आनंदच आहे. फक्त दुर्मीळ म्हणून जमवलेल्या झाडाचं मोल प्रयोगशाळेतल्या एका बाटलीने उतरतं, हे यातून दिसतं. मग जे उतरत नाही ते कुठलं?

माझ्याकडचं सीतेची वेणी हे ऑर्किड दापोलीचं आहे. आमच्या घरामागच्या फणसावर, दुबेळक्यात, ती सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हाही होती. कोकणात बागा साफ करताना बांडगुळाबरोबर ऑर्किडही कोयत्याने खरवडून काढतात. दोन्ही झाडावरच राहतात म्हणून दोन्ही झाडाला खातात, असा समज. बांडगूळ खरोखर फांदीत मूळ घालून रस ओढतं. वेणी फणसाचं काहीच घेत नाही. तिला हवी असते खरखरीत साल, वाऱ्याला मोकळी जागा आणि सालीवरून ओघळणारं पावसाचं पाणी. सासूबाईंना हे कुणी शिकवलं नव्हतं. पण गडी फणसावर चढला की त्या खालून ओरडायच्या, “ती वेणी तेवढी राहूं दे रे!” ती वेणी त्यांच्यामुळे राहिली.

बुंध्याशी आलेलं एक पिल्लू, त्याला स्वतःची मुळं फुटल्यावर, त्यांनीच मला काढायला लावलं. पुण्यात आणून मी ते सागाच्या पट्ट्यांच्या बास्केटमध्ये बांधलं. खाली कोळशाचे मोठे तुकडे, त्यात थोडं नारळाचं सोडण, बाकी हवा. पहिली काही वर्षं ते नुसतं पानं काढत राहिलं. दापोलीची हवा एप्रिलमध्येही ओलसर असते. पुण्याच्या एप्रिलात दुपारी ओला टॉवेल बघता बघता वाळतो. तिथे मुळांना रात्रभर दमट हवा मिळते, इथे मला सकाळ-संध्याकाळ जमिनीवर पाणी शिंपडून ती करावी लागते. झाड एकच, पण दोन गावांत त्याचं वेळापत्रक वेगळं झालं. तिकडची वेणी आधी फुलते, इकडची मागाहून. दिरांचा फोन आला की मी वहीत दोन्ही तारखा शेजारीशेजारी लिहिते.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ आलं. श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या बागा एका दिवसात आडव्या झाल्या. फोन बंद, वीज बंद, वर टाळेबंदीचे दिवस. बऱ्याच दिवसांनी दिरांचा आवाज कानावर आला. घराची कौलं, माणसं, गुरं असं सगळं सांगून झाल्यावर ते म्हणाले, “वहिनी, फणस गेला. मुळासकट. वेणी त्याच्यावरच आहे, फुलासकट.” एरवी खाली लोंबणारे ते जांभळ्या ठिपक्यांचे घोस चिखलात लोळत होते.

मी फोनवरून सांगत गेले, ते करत गेले. मुळं सोडवत बसू नका, सालीचा तुकडाच्या तुकडा कोयत्याने काढा. उभ्या राहिलेल्या आंब्याच्या खोडाला, पूर्वेच्या बाजूला, काथ्याने घट्ट आवळा. हललं तर नवं मूळ धरणार नाही. पाऊस पडतोय, वेगळं पाणी नको. त्या जुन्या झाडाचा निम्माशिम्मा भाग जगला. बाकीचा सडला. पण तीच वेणी पुण्यात माझ्या बास्केटमध्ये धडधाकट होती आणि त्यामुळे फणसावरचं पूर्ण गेलं असतं, तरी सासूबाईंनी राखलेली वेल तुटली नसती. पुढे माझ्याकडचं एक पिल्लू मी परत दापोलीला नेऊन त्याच आंब्यावर बांधलं. माझ्याकडे तिच्याहून मोठ्या फुलांची झाडं आहेत, महाग संकर आहेत. पण गच्चीला आग लागली तर पहिली उचलेन ती हीच.

याला नुसती भावना म्हणून बाजूला सारू नये. एकच झाड वर्षानुवर्षं पाहिल्यावर नजर तयार होते, ती दहा नवी झाडं आणून होत नाही. वेणीचं मूळ घ्या. पेन्सिलीएवढं जाड, वरून राखाडी-पांढरं. तो पांढरा थर म्हणजे मेलेल्या पेशींचं स्पंजासारखं आवरण. पाणी पडलं की काही क्षणांत ते शोषून घेतं आणि आतला हिरवा रंग वर दिसू लागतो. पाणी घालताना मी मुळांचा रंग पाहते. सगळं मूळ हिरवं झालं की पुरे. मधेच पांढऱ्या रेघा राहिल्या तर आणखी एक फेरी. आणि मुळाचं टोक. थंडीत ते पांढऱ्या आवरणात मिटलेलं असतं. उन्हाळा चढू लागला की एके सकाळी तिथे बोटाच्या पेराहून लहान, ओलसर चकचकीत, हिरवं टोक उघडलेलं दिसतं. झाड जागं झालं. आता पातळ खत सुरू करायचं, त्याआधी नाही. कॅलेंडरवर पंधरा मार्च लिहून ठेवणारे असतात. माझा भरवसा टोकावर आहे.

डेंड्रोबियम बार्बॅट्युलमचं गणित उलटं. दापोलीच्याच एका कलमाच्या छाटलेल्या फांदीवरून ते आलं. पाऊस सरला की पानं गळतात आणि उरतात नुसत्या पांढुरक्या, सुरकुतलेल्या कांड्या. कुणालाही वाटावं मेलं. दया येऊन पाणी घालत राहिलं तर कांड्या कुजतात. त्याला कोरडं ठेवावं लागतं, मन घट्ट करून. मग फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याच उघड्या कांड्यांवर पांढऱ्या फुलांचे गुच्छ येतात, एकही पान नसताना. सह्याद्रीच्या झाडांचं हे वागणं पावसाने घडवलेलं आहे. चार महिने धो धो, आठ महिने जवळजवळ काही नाही. ते गच्चीवर तसंच उतरवता आलं, तरच ते झाड माझ्याकडे नांदतं आहे असं मी म्हणते.

म्हणून प्रत्येक झाडाच्या टॅगवर नाव असतंच, पण नावाखाली कुठल्या गावचं, कुठल्या झाडावरचं, कुणी दिलं, कधी, हेही असतं. लिहायचं पेन्सिलीने. मार्करची शाई दोन उन्हाळ्यांत उडते, शिसं राहतं. टॅग हरवला तर वहीत त्याची जोड आहे. फादर सांतापाव आणि कपाडिया यांचं ‘द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे’ हे 1966 चं पुस्तक माझ्या वहीशेजारीच असतं. त्यात दिलेला बहराचा काळ आणि माझी तारीख यांत अंतर पडलं की मी खूण करते. वनस्पतीचा नमुना ठेवणारे लोक ठिकाण आणि तारीख नसलेल्या नमुन्याला फारसं विचारत नाहीत. जिवंत झाडाला हा नियम का लावू नये?

नर्सरीतल्या फॅलेनॉप्सिसची अडचण इथेच आहे. सुंदर असतात, महिना-दोन महिने फूल टिकतं. पण बहुतेकांच्या कुंडीत नावच नसतं. कुणाचा कुणाशी संकर, कुठल्या प्रयोगशाळेत झाला, काही कळायला मार्ग नाही. मी ती नाकारत नाही. घरी आलेल्या दिवसापासून त्यांची नोंद सुरू होते. भेट म्हणून आलेलं एक पिवळं फॅलेनॉप्सिस आता इतक्या वेळा फुललंय की त्याची सवय मला पाठ आहे. रात्री गारवा येऊ लागला की त्याचा फुलदांडा दिसायला लागतो. नाव नसलं तरी त्याची इथली हकिगत आता आहे.

जे मी कधीच घेत नाही, ते घाटरस्त्यांवर पावसाळ्यात विकायला मांडलेलं. मुळांपासून ओरबाडलेली, पोत्यावर ठेवलेली रानातली ऑर्किडं. लाखो दाण्यांतला एखादा नेमक्या सालीवर, नेमक्या बुरशीशेजारी पडला, त्यानंतर कितीतरी वर्षांनी ते झाड पहिल्यांदा फुललं, आणि कुणीतरी ते काही रुपयांसाठी ओढून काढलं. विकणाऱ्याची गरज मला दिसते. पण घेणारे आहेत म्हणून तो पुन्हा चढतो. जगभरच्या सगळ्या ऑर्किड जाती आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या परिशिष्टांत आहेत, त्या याच ओरबाडण्यामुळे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, ज्या झाडाच्या टॅगवर ‘घाटातून, मुळासकट’ असं लिहावं लागेल ते माझ्या संग्रहाचं मोल कमी करतं. संग्राहक म्हणवणाऱ्यांत हे मान्य नसलेले लोक आहेत, आणि त्यांच्याशी माझं जमत नाही.

माझं जमतं ते देणाऱ्यांशी. सिंगापूरमध्ये 1893 साली अॅग्नेस जोआकिम यांच्या बागेतला एक संकर हेन्री रिडली यांनी नोंदवला. ‘वांडा मिस जोआकिम’. त्याची कांडी तोडून लावली की ती लागते, म्हणून हाताहातांतून ते झाड देशोदेशी गेलं, आणि 1981 मध्ये सिंगापूरचं राष्ट्रीय फूल झालं. एकाच बागेत जपून ठेवलं असतं तर एखाद्या वादळाने, एखाद्या रोगाने ते संपलं असतं. फणस पडल्यावर मला हे पुस्तकाबाहेर कळलं.

त्यामुळे फुटवे वाढले की मी देते. त्याची एक शिस्त आहे. दर झाडामागे पातं ज्योतीवर तापवून घ्यायचं, कारण सिंबिडियम मोझॅकसारखे विषाणू एका झाडाचा रस दुसऱ्याला लागून पसरतात आणि त्यावर औषध नाही. खवले कीड पानाच्या बगलेत दडलेली असते, तिथे भिंग लावून पाहायचं. कापलेल्या जागी हळद दाबायची, दोन दिवस पाणी नाही. मग झाडाबरोबर टॅगची नक्कल जाते. वेणी देताना त्यावर असतं: ‘दापोली, घरामागचा फणस’, खाली सासूबाईंचं नाव, मग माझं. त्याखाली एक ओळ मोकळी ठेवते, घेणाऱ्याच्या नावासाठी. आणि पहिल्यांदा फुलली की मला तारीख कळवायची, एवढं कबूल करून घेते. नाशिकहून एक तारीख आली आहे, एक कोल्हापूरहून. सातारची अजून यायची आहे.