पंचनाम्याची भाषा

साहित्य शिकवणाऱ्या माणसाच्या हाती कुठलाही मजकूर दुसऱ्यांदा आला की तो त्यातले दोष दाखवू लागतो. मजकूर स्वतःचा असला तर मात्र ही दृष्टी मंदावते. 2019 च्या पावसाळ्यात आम्ही लिहिलेले एक आवाहन अजून आमच्या कपाटात आहे. दोन पानी आहे आणि त्याच्या मागे सह्यांचे कागद जोडलेले आहेत. सह्या चारशेच्या वर आहेत. त्या आवाहनाचा काहीही उपयोग झाला नाही, आणि तो का झाला नाही हे समजायला आम्हांला फार उशीर लागला. (इथले ‘आम्ही’ आदरार्थी नव्हे. आम्ही खरोखरच दोघे आहोत, दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो, आणि या प्रकरणातील चुका दोघांच्याही सारख्याच आहेत.)

त्या वर्षी जूनच्या अखेरीस आम्ही पग जातीचे पिल्लू विकत घेतले. 2003 साली हचच्या जाहिरातीत एका मुलाच्या मागे मागे चालणारा पग साऱ्या देशाने पाहिला आणि त्यानंतर ही चपट्या नाकाची जात मध्यमवर्गीय घरांत शिरली. आमच्या घरात ती जरा उशिरा आली, एवढेच. पिल्लू आम्हांला पेट्रोल पंपापाशी देण्यात आले. एक तरुण मोटारसायकलवरून खोका घेऊन आला, त्याने पैसे मोजले, लसीकरणाचे कार्ड दिले आणि तो गेला. पावती मागावी असे आमच्या मनातही आले नाही. कार्डावर वय साठ दिवस लिहिले होते. मुलीने त्याचे नाव पेढा ठेवले.

सहाव्या दिवशी पेढा ओकू लागला, मग रक्ताचे जुलाब सुरू झाले. पार्व्हो. डॉक्टरांनी सलाइन लावता लावता त्याचा ओठ वर करून तोंडात पाहिले आणि म्हणाले, “साठ दिवस? अहो, याच्या मागच्या दाढा अजून यायच्यात. पाच आठवड्यांचं असेल फार तर.” नवव्या दिवशी ते गेले. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांसंबंधी केंद्र सरकारने 2017 साली नियम केले आहेत, आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही, अठरा महिन्यांच्या आतल्या मादीपासून पैदास करता येत नाही, ब्रीडरला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, हे सारे आम्हांला त्या दवाखान्यातील बाकावर कळले. दोन-दोन पदव्युत्तर पदव्या असलेली माणसे काय काय वाचत नाहीत, याचा तो एक नमुना.

आईची लस झाली होती का, हे विचारण्याच्या निमित्ताने आम्ही 9 जुलैला त्या जागी गेलो. शहराबाहेर, रस्त्यापासून आत, एका बंद पोल्ट्रीची पत्र्याची शेड. आत शिरताच डोळ्यांत पाणी आले ते करुणेने नव्हे, मुताच्या वासाने. दोन्ही बाजूंना एकावर एक पिंजरे होते. पिंजऱ्यांचा तळही जाळीचाच, म्हणजे घाण खाली पडावी आणि झाडायचे काम वाचावे. वरच्या पिंजऱ्यातले खालच्या पिंजऱ्यात पडत होते. पेढ्याची आई म्हणून जी मादी आम्हांला दाखवण्यात आली, तिच्या पंजांची बोटे जाळीवर उभे राहून राहून फाकली होती आणि नखे वळून आत गेली होती. त्या माणसाने दार उघडले, तिला हाक मारली. ती बाहेर आली नाही. दार उघडे आहे याचा तिच्याशी काही संबंध असावा, असे तिला वाटल्याचे दिसले नाही.

माणूस अगदी सभ्य होता. त्याने दुसरे पिल्लू निम्म्या किमतीत देऊ केले. चहा मागवला. तो चहा आम्ही प्यायलो. दोघांच्याही खिशात फोन होते आणि आम्ही एकही छायाचित्र काढले नाही. भीती म्हणावी तर तसे काही नव्हते; समोर बसून चहा पाजणाऱ्या माणसाच्या देखत फोन वर करणे आम्हांला असभ्यपणाचे वाटले.

घरी येऊन मात्र आम्ही लिहावयास बसलो, आणि लिहिणे हेच आमचे क्षेत्र असल्यामुळे फार चांगले लिहिले. आवाहनाची सुरुवात महाप्रस्थानाने होती: सोबतच्या कुत्र्याला टाकून स्वर्गात यायला नकार देणारा युधिष्ठिर. मग पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव. मग ती शेड, पण ती ‘अंधारकोठडी’ झाली होती. मादीचे डोळे ‘विझलेल्या निरांजनासारखे’ होते. शेवटी समाजाच्या संवेदनशीलतेला हाक. प्राध्यापकांच्या खोलीत ते वाचून एक ज्येष्ठ सहकारी गहिवरले. विद्यार्थ्यांनी प्रती काढल्या, बागेत, वाचनालयात, गणपतीच्या मांडवांत सह्या गोळा केल्या. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. या लोकांवर खटला भरलाच पाहिजे, असे चारशे माणसे म्हणत होती.

ऑक्टोबरच्या 14 तारखेला हे कागद घेऊन आम्ही आमच्या एका माजी विद्यार्थिनीकडे गेलो. ती आता वकिली करते. तिने दोन्ही पाने शांतपणे वाचली आणि विचारले, “सर, हे कुठल्या दिवशी पाहिलंत?”

तारीख आवाहनात नव्हती. पिंजऱ्यांची संख्या नव्हती, माप नव्हते. पाणी ठेवले होते की नव्हते, हे नव्हते. पिल्लू कोणत्या दिवशी, किती रुपयांना, कोणाच्या हातून घेतले, हेही नव्हते. “मॅडम, युधिष्ठिर काही साक्षीला यायचा नाही,” ती म्हणाली. वर्गात ती अशी बोलत नसे.

मग तिने कायदा समजावून दिला. तो थोडक्यात सांगतो, कारण आमच्या सह्या करणाऱ्यांपैकी कोणालाही तो ठाऊक नव्हता. प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा 1960 सालचा. अपुऱ्या जागेत कोंडणे, उपाशी ठेवणे, दुखणाईत ठेवणे हे सारे त्याच्या अकराव्या कलमात आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. तीन वर्षांच्या आत पुन्हा केल्यास पंचवीस ते शंभर रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हा दंड गुन्ह्याच्या मानाने अगदीच अपुरा आहे असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली जलिकट्टूच्या निकालात म्हटले, आणि 2022 साली कायद्यातील दुरुस्तीचा एक मसुदा लोकांच्या सूचनांसाठी प्रसिद्धही झाला. पण रक्कम हा या कायद्याचा सर्वात दुबळा भाग नव्हे. कोंडून ठेवण्याचा हा गुन्हा अदखलपात्र आहे. ठाण्यात गेलात तर एन.सी. लिहून घेतील, दंडाधिकाऱ्यांच्या आदेशावाचून तपास होणार नाही. भारतीय दंड विधानातली कलमे जनावर मारण्याला किंवा कायमचे अधू करण्याला लागू पडत. ती जनावराच्या किमतीनुसार होती, हा एक वेगळाच विनोद. (1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या 325 व्या कलमातून किमतीची अट गेली, कृत्याचे स्वरूप तेच राहिले.) सावकाश, रोज थोडे थोडे झिजवणे त्या कलमांत सहजी बसत नाही.

शेवटी तिने छत्तिसावे कलम उघडून दाखवले. गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांनंतर या कायद्याखाली खटला दाखल करता येत नाही. 9 जुलै ते 9 ऑक्टोबर. आम्ही पाच दिवस उशिरा पोहोचलो होतो, आणि ते तीन महिने आम्ही सह्या गोळा करण्यात घालवले होते.

पिंजरे अजून तिथेच असतील तर आजची तारीख धरता येईल, असे म्हणून ती दुसऱ्या दिवशी आमच्याबरोबर आली. शेडला कुलूप नव्हते. आत पिंजरे नव्हते. जाळीच्या पायांचे चौकोनी डाग जमिनीवर राहिले होते, आणि एका कोपऱ्यात पालथे घातलेले एक प्लॅस्टिकचे भांडे. आमच्या आवाहनाची एक प्रत त्या माणसापर्यंत पोहोचली असावी. गावाचे नाव मात्र आम्ही त्यात ठळक अक्षरांत घातले होते. त्या मादीचे काय झाले, हे आम्हांला ठाऊक नाही.

तेव्हापासून एक प्रश्न आमचा पिच्छा सोडत नाही: कुत्र्यांच्या बाजूने जनमत उभे राहते, ते नेमके कशावर? मुंबईत ते एकदा उभे राहिले होते, तेही केवढे! मोकाट कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध 6 जून 1832 रोजी पारशी समाज रस्त्यावर उतरला, त्याला हिंदू-जैनांचीही साथ मिळाली. दुसऱ्या दिवशी बाजार बंद, किल्ल्यातल्या फौजेची रसद अडलेली. दोनच वर्षांनी, 1834 साली, जमशेटजी जिजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरापोळ उभा राहिला. पण ती कुत्री रस्त्यावर, लोकांच्या डोळ्यांदेखत मारली जात होती. पैदाशीच्या धंद्यातील क्रौर्य रस्त्यावर येतच नाही. रस्त्यावर येते ते पिल्लू, आणि पिल्लू नेहमीच गोंडस असते. आई शेडमध्ये राहते.

इंग्लंडमध्ये हीच आई लोकांपुढे आणली गेली. 2013 साली वेल्समधल्या एका पैदास-केंद्रातून सुटलेली लूसी नावाची स्पॅनियल मादी. पाठीचा कणा वाकलेला, अंगावरचे केस गेलेले. 2016 साली ती मेली. मार्क एब्रहॅम या पशुवैद्याने चालवलेल्या मोहिमेत तिचे नाव घरोघर गेले, एक लाखावर सह्यांचा अर्ज 2018 साली पार्लमेंटच्या चर्चेला आला, आणि 6 एप्रिल 2020 पासून इंग्लंडमध्ये पिल्लांची दलालामार्फत विक्री बंद झाली. आता ब्रीडरनेच, पिल्लू जन्मले त्या जागी, आईसकट दाखवून विकायचे. म्हणजे तिथेही सह्याच होत्या, तिथेही भावनाच होती. मग आमचे काय चुकले? आम्हांला वाटते, लूसी ही लूसीच होती. तिचे वाकलेले हाड कोणालाही मोजता आले असते. आमच्या आवाहनातले कुत्रे मात्र एकही कुत्रे नव्हते. महाभारतातला कुत्रा शेवटी धर्म निघतो, नामदेवांचा कुत्रा विठ्ठल निघतो. आपल्या वाङ्मयात कुत्र्याला कुत्रा म्हणून फार काळ राहू देत नाहीत, पु. लं.च्या ‘पाळीव प्राणी’तही खरे पात्र मालकच आहे. आम्ही त्याच परंपरेत लिहिले आणि त्या मादीलाही निरांजन करून टाकले.

याचा अर्थ करुण लिहू नये असा नाही; ते सहकारी गहिवरले ते खोटे नव्हते. पण जनमत म्हणजे गहिवर, असे आम्ही धरून चाललो. अदखलपात्र गुन्ह्यात जनमताचा अर्थ फार साधा असतो: दंडाधिकाऱ्यांपुढे उभे राहून ‘मी अमुक दिवशी, अमुक जागी, हे पाहिले’ असे म्हणायला तयार असलेली माणसे. आमच्या चारशेंत अशी दोन होती, आणि ती दोघे चहा पिऊन परतली होती.

आता आम्ही द्वितीय वर्षाच्या वर्गाला वर्णनाचा एक पाठ देतो. एखादी कोंडलेली जागा पाहून या आणि तिच्यावर विशेषणाशिवाय एक पान लिहा: आत किती, जागा केवढी, पाणी कुठे, वेळ काय. मुलांना तो रुक्ष वाटतो. एका मुलीने मात्र मासळीबाजाराशेजारच्या कोंबड्यांच्या खुराड्यांवर असे पान लिहून आणले की वर्गात वाचताना ते अर्ध्यावर थांबवावे लागले. त्यात एकही उपमा नव्हती. असो.

गेल्या महिन्यात खालच्या मजल्यावरचे काका पिल्लू घेऊन वर आले, दाखवायला. पगच. “दोन महिन्यांचं आहे,” ते म्हणाले. आईला पाहिलेत का, असे आम्ही विचारले. “पाहिली की! व्हिडिओ कॉलवर दाखवली त्यांनी.” कार्ड त्यांनी सोबत आणले होते. पिल्लू त्यांच्या हातावर झोपले होते. आम्ही हलकेच त्याचा ओठ वर केला. मागच्या दाढा आल्या नव्हत्या. काकांना आत बसवले, चहा टाकला, आणि वही काढून आधी तारीख लिहिली.