भरलेली वाटी

पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डात चाळीस वर्षे भुसार मालाची पेढी चालविलेल्या एका गृहस्थांच्या घरी गेल्या आषाढात दोन पाखरे आली. घरात लहानथोर सगळे त्यांना दादाजी म्हणतात. नातवाला दहावे वर्ष लागले होते आणि त्याला कुत्रा हवा होता. कुत्र्याच्या आहाराचा प्रश्न निघाला तेव्हा तो मुकाट्याने पक्ष्यांवर आला. राघू पाळता येत नाही, हे त्याला शाळेतच समजले होते. आपल्याकडचे पोपट पिंजऱ्यात ठेवण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. राहिले बजरीगर. दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघेही त्यांना लव्हबर्ड म्हणतात. खरे लव्हबर्ड म्हणजे आफ्रिकेतले निराळेच पक्षी. बजरीगर हा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातला इवलासा पोपट. जॉन गूल्ड या पक्षितज्ज्ञाने १८४० मध्ये तो जिवंत इंग्लंडला नेला आणि तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या तो माणसाच्या घरात वाढत आला आहे.

दुकानातल्या मोठ्या पिंजऱ्यात पन्नासेक पक्षी जाळीवर चढत-उतरत होते. नातवाने एका हिरव्या नराकडे बोट दाखविले. दादाजींची नजर मात्र कोपऱ्यातल्या पिवळ्या मादीवर खिळली होती. ती पिसे फुलवून, डोळे अर्धवट मिटून बसली होती, आणि प्रत्येक श्वासाबरोबर तिची शेपटी खालीवर होत होती. ‘‘हिला काय झाले आहे?’’ त्यांनी विचारले. ‘‘काही नाही शेठ, पावसाची थंडी. घरी गेली की खुलेल,’’ दुकानदार म्हणाला. जोडीचे सातशे रुपये ठरले. ज्या माणसाने ओलसर माल पोत्यात हात घालूनच परत धाडला, त्याने त्या दिवशी डागी माल डोळ्यांदेखत उचलला. त्यांच्या मनात सौदा नव्हताच. आपण एक जीव सोडवून आणत आहोत, अशी त्यांची समजूत होती.

दादींची समजूत त्याहून एक पाऊल पुढची. सोडवायचेच तर पुरते सोडवावे, गच्चीवर नेऊन पिंजऱ्याचे दार उघडावे, असे त्या म्हणाल्या. मुलाने त्यांना समजावले, की हे पाखरू इथले नव्हे. त्याला इथले दाणापाणी शोधता येणार नाही, रंग असा की कावळ्याला लांबून दिसेल, आणि संध्याकाळपर्यंतही ते टिकणार नाही. दादी ऐकून गप्प राहिल्या. पिंजरा स्वयंपाकघराला लागून असलेल्या गॅलरीत टांगला गेला. देवघरातला धूपही तिथूनच बाहेर जात असे.

पक्ष्यांची निगा नातवाकडे सोपविली होती. सकाळी पाणी बदलायचे, वाटीत दाणे घालायचे. दुकानदाराने दिलेले ‘कांगनी’ म्हणजे राळेच; त्यात थोडी बाजरी. दुसऱ्या दिवशी नातू म्हणाला, वाटी भरलेलीच आहे, ती खातच नाहीत. तिसऱ्या दिवशीही तेच. नवी जागा आहे, बिचकली असतील, असे सर्वांना वाटले. चौथ्या दिवशी पेढीवर निघताना दादाजींनी सहज वाटीत बोटे घातली आणि त्यांचा हात तिथेच थांबला. बोटांना दाणा लागेना. त्यांनी वाटी बाहेर काढून हलकी फुंकर मारली. अर्धी वाटी हवेत उडाली. उरलेल्यातही टरफलांशिवाय काही नव्हते.

बजरीगर दाणा चोचीत फिरवून सोलतो, आतला गर खातो आणि टरफल तिथेच वाटीत टाकतो. वरून पाहणाऱ्याला वाटी काठोकाठ दिसते. नवी पाखरे आणणाऱ्यांची ही नेहमीची चूक आहे. पण ती भुसार व्यापाऱ्याच्या घरात व्हावी! हाताच्या स्पर्शावरून कोंडा आणि दाणा ओळखणारा माणूस तीन दिवस त्या पिंजऱ्यावरून ये-जा करीत होता.

ताजे दाणे पडताच हिरवा तुटून पडला. पिवळीही वाटीवर येऊन बसली आणि दिवसभर उठली नाही. सगळ्यांना हायसे वाटले. दादाजींना मात्र वाटले नाही, कारण संध्याकाळी पिंजऱ्यातला कागद काढताना पिवळीच्या विष्ठेत त्यांना अख्खे राळे दिसले. दाणा आत जात होता आणि जसाच्या तसा बाहेर येत होता. हिरव्याच्या चोचीच्या मुळाशीही पांढुरके, खरखरीत, बारीक छिद्रांचे पापुद्रे धरले होते. दुकानात ते कसे दिसले नाहीत?

दुसऱ्या दिवशी ते दुकानात गेले. दुकानदाराने पिवळ्या पुडीतले औषध दिले, चिमूटभर पाण्यात टाका म्हणाला. कशावरचे आहे, हे त्याने सांगितले नाही. पण दादाजींच्या मनात राहिले ते वेगळेच. पिवळी जिथे बसली होती त्याच कोपऱ्यात दुसरे एक पाखरू पिसे फुलवून बसले होते. माल उचलला की जागा भरते, हे त्यांना कोणी शिकवायला नको होते. आपण जे सातशे रुपये मोजले ते सुटकेचे होते की पुढच्या मागणीचे, हा प्रश्न घेऊन ते घरी आले. पुडी त्यांनी उघडली नाही.

पक्ष्यांचे जाणकार पशुवैद्य शोधायला दोन दिवस गेले. कुत्री-मांजरे तपासणारे गल्लोगल्ली आहेत, पक्षी हाताळणारे थोडे. पुष्कळांनी फोनवरच नाही म्हटले. जे भेटले त्या डॉक्टरांनी आधी विष्ठा मागितली आणि ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. पिवळीच्या जठरात एक प्रकारचे यीस्ट वाढले होते. या रोगात पक्षी सतत खातो आणि तरीही झिजत जातो. डॉक्टरांनी तिच्या छातीवरून बोट फिरवून दादाजींना तसेच करायला सांगितले. मधले हाड सुरीच्या धारेसारखे लागले. पिसांमुळे ते वरून दिसत नाही. ‘‘पक्षी आजार लपवतो,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘थव्यात दुबळा दिसला तर शिकारी त्यालाच उचलतो. तो आजारी दिसू लागतो तेव्हा आजार बराच जुना झालेला असतो. तुम्ही पिसांवर विश्वास ठेवू नका, काट्यावर ठेवा.’’

हे वाक्य दादाजींना पटले. पेढीवर केशर-वेलची तोलण्याचा छोटा काटा होता; तो घरी आला. झाकणाच्या डबीचा धडा करून रोज सकाळी, दाणे घालण्यापूर्वी, दोघांचे वजन होऊ लागले. निरोगी बजरीगर साधारण तीस ते चाळीस ग्रॅमचा असतो. पहिल्या दिवशी हिरवा ३४ भरला आणि पिवळी २७. दादाजींनी लाल वहीत दोन रकाने आखले. इतक्या लहान जिवाला एक ग्रॅमची तूट म्हणजे काय, हे त्यांनी नातवाला पोत्याच्या हिशेबात सांगितले: शंभर किलोच्या पोत्यात एका रात्रीत तीन-चार किलो घट.

आजारी पक्ष्याला ऊब लागते. पिवळीला वेगळ्या पिंजऱ्यात ठेवून एका बाजूला दिवा लावायचा, म्हणजे तिला हवे तर ती जवळ येईल, नको तर दूर सरकेल. पावसाळ्यातला दिवा म्हणजे किड्यांना आमंत्रण. दादींनी जुन्या मलमलीच्या साडीचे कापड खिडकीला घट्ट बांधले, आणि तरी रात्री दोनदा उठून दिव्याभोवती काही पडले आहे का, ते पाहत. पिंजरा स्वयंपाकघरापासून दूर, आतल्या खोलीत गेला. धूर आणि तापलेल्या नॉनस्टिक तव्याची वाफ पक्ष्यांच्या फुप्फुसाला सोसत नाही. दुसऱ्याच्या अंगाला अपाय नको म्हणून हात धुण्याचा नियम सगळ्यांना लागू झाला, कारण पोपटवर्गीय पक्ष्यांचे काही आजार माणसालाही होतात.

नुसत्या दाण्यांवर पाखरू जगत नाही, असेही डॉक्टरांनी सांगितले. गाजर, मोड आलेली धान्ये, उकडलेले अंडे अशी त्यांची यादी होती. घरात कंदमूळ येत नाही, हे सुनेने संकोचाने सांगितले, आणि अंड्याबद्दल तर सांगावेही लागले नाही. डॉक्टर हसले. लाल भोपळा, मेथी, कोथिंबीर, कोवळे मक्याचे कणीस चालेल, म्हणाले. आता प्रश्न चातुर्मासाचा होता. दादींनी चार महिने पालेभाजी सोडली होती. त्या मेथीची जुडी घेऊन खिडकीपाशी बसल्या, प्रत्येक पान उजेडात उलटसुलट पाहून निवडू लागल्या. सुनेने काही विचारण्याआधीच म्हणाल्या, ‘‘नियम माझा आहे, पाखराचा नाही.’’

हिरव्याच्या चोचीचे प्रकरण त्यांना अधिक जड गेले. ते पापुद्रे म्हणजे कातडीत बिळे करून राहणाऱ्या सूक्ष्म किड्यांचे घर. मानेच्या कातडीवर औषधाचा एक थेंब, दोन आठवड्यांनी पुन्हा एक. उपाय सोपा होता. पण तो कशावरचा उपाय आहे, हे दादींनी विचारून घेतले होते. त्यांनी नको म्हटले नाही. किडे राहिले असते तर चोच वाकडीतिकडी वाढून पाखराला दाणाही सोलता आला नसता. डॉक्टरांनी थेंब टाकला तेव्हा पक्ष्याला धरलेले हात दादींचेच होते. घरी आल्यावर त्यांनी ताटात तेल-तुपाशिवायचे, मीठ-मसाल्याशिवायचे अन्न घेतले, तेव्हा आज त्यांचे आयंबील असल्याचे कळले. कोणती तिथी, असे कोणी विचारले नाही. दोन आठवड्यांनी दुसरा थेंब पडला, त्या दिवशीही त्यांचे आयंबील होते.

पिवळीला दिवसातून दोनदा तोंडाने औषध द्यायचे होते. पक्ष्याच्या छातीचा भाता हलला तरच त्याला श्वास घेता येतो. म्हणून रुमालात धरताना मान दोन बोटांत आणि छाती मोकळी. हे काम दादाजींनी घेतले. पोती उचलून राठ झालेल्या हातात ते पाखरू ओल्या कापसाइतके लागे. वहीत आकडे उतरत गेले: २७, २७, २६. मग एकदा २७ आला आणि घरात त्या दिवशी शिरा झाला. मग २५. मग २४.

एकोणिसाव्या दिवशी पहाटे ती पिंजऱ्याच्या तळाशी बसलेली आढळली. दादी शेजारी बसून हळू आवाजात नवकार म्हणत राहिल्या. सात वाजण्याच्या सुमारास ते संपले. सोसायटीच्या बागेत पारिजातकाखाली तिला ठेवताना नातू रडला नाही. परतताना जिन्यावर त्याने विचारले, ‘‘दादाजी, वाटी रिकामी होती म्हणून गेली का ती?’’

डॉक्टरांनी तसे म्हटले नव्हते. आजार दुकानातूनच आला होता. दादाजींना ते सांगता आले असते. ते एका पायरीवर थांबले. ‘‘तीन दिवस उपाशी राहिल्याने तिची ताकद गेली असेल,’’ ते म्हणाले. ‘‘पण वाटी तू भरलेली पाहिलीस. तिच्यात हात घालून पाहणे माझे काम होते.’’

आता हिरवा एकटा उरला. बजरीगर थव्याचा पक्षी. एकटा पडला की दिवसभर हाका मारतो. त्याची चोच स्वच्छ झाली होती, वजन ३५ वर स्थिर होते, पण हाका ऐकवत नव्हत्या. नातू शाळेतून आला की पिंजऱ्यापाशी पाढे म्हणत बसे. तेवढा वेळ तो शांत राही. दुकानदाराचा एकदा फोन आला, ‘‘जोडी लावून देऊ का शेठ? पैशाचे बघून घेऊ.’’ दादाजींनी नको म्हटले. त्या कोपऱ्यातले पाखरू अजून तिथेच आहे का, हे विचारण्याचे त्यांच्या ओठांवर आले होते. विचारले असते तर ते आणावे लागले असते.

दुसरीही अडचण होती. हिरवा आणि पिवळी एकाच वाटीतले खात होती. हिरवा वरून ठणठणीत दिसला तरी त्याच्या पोटात तेच यीस्ट असू शकत होते, आणि तसे असेल तर नवी सोबतीण आणणे म्हणजे तिला आजार देणे. काही दिवसांच्या अंतराने त्याची विष्ठा तीनदा तपासली गेली. तिन्ही वेळा काही आढळले नाही. डॉक्टरांनी तरीही खात्री दिली नाही, ‘आता आणायला हरकत नाही’ एवढेच म्हणाले.

दिवाळीत फटाक्यांच्या आवाजाने तो अंधारात धडपडू लागला, म्हणून रात्री खोलीत बारीक दिवा राहिला. वहीपूजन झाले. त्यानंतरच्या आठवड्यात ओळखीच्या एका कुटुंबाचा निरोप आला: आम्ही मुलाकडे परदेशी निघालो आहोत, आमच्या एकट्या निळ्या मादीला कोणी सांभाळेल का? वय चार वर्षे. विकायची नव्हती, घ्यायचीही नव्हती. फक्त जागा हवी होती.

ती आली. पंचेचाळीस दिवस वेगळ्या खोलीत, वेगळ्या वाट्या, वेगळे फडके. आधी हिरव्याचे करायचे, मग तिचे, आणि मध्ये हात धुवायचे. पहिल्याच सकाळी भिंतीपलीकडून आवाज आला. हिरवा दांडीवर ताठ झाला आणि त्याने उत्तर दिले. दादाजी पेढीवर निघाले होते. त्यांनी दोन्ही वाट्या गॅलरीत नेऊन फुंकर मारली, तळाशी बोटे घालून पाहिली, ताजे दाणे घातले, आणि वहीत लिहिले: हिरवा ३६, निळी ३३.