डावखुऱ्याची साक्ष

भाताची कापणी झाली, शेते कोरडी पडली की आमच्या मोरव्यात क्रिकेट सुरू होते. भाईंदर पश्चिमेला स्टेशनाबाहेर उत्तनकडे जाणारी बस पकडायची, मुर्धा आणि राई मागे टाकायचे की मोरवा येते. गावाच्या एका अंगाला खाडी, तिवरे आणि मिठागरे आहेत. रविवारी रिकाम्या शेतात मंडप पडतो, कर्णा लागतो, टेनिस बॉलचे सामने रंगतात आणि आगरी बोलीतले समालोचन दुपारभर वाऱ्यावर ऐकू येते.

आम्ही येथे भाडेकरू आहोत. 'आम्ही' म्हटले म्हणून वाचकांनी मोठा कुटुंबकबिला समजू नये. घरी उर्दू, शाळेत शिकवायचे तेही उर्दूतून, त्यामुळे 'हम' म्हणण्याची सवय लेखणीलाही लागली आहे. शिवाय 'मी' म्हणायला थोडा धीर लागतो, हेही खरेच. ही गोष्ट त्या धीराचीच आहे.

गेल्या हिवाळ्यातला एक रविवार. उमेदीची वर्षे मिठागरावर राबलेले आमचे घरमालक मंडपात खुर्ची टाकून बसले होते. गाव त्यांना दादा म्हणते, आम्हीही दादाच म्हणतो. त्यांच्या लेखी आम्ही 'मास्तर'. मैदानात एका डावऱ्या पोराने असा यॉर्कर टाकला की लेग स्टंप उखडून मागे जाऊन पडला. कोणी तरी ओरडले, "झहीर हाय रे, झहीर!" झाले! पुढचा सामना सुरू होईपर्यंत मंडपात एकच वाद पेटला : आजवरचा सर्वांत मोठा डावखुरा वेगवान गोलंदाज कोण?

एका वृद्ध गृहस्थांनी करसन घावरीचे नाव घेतले. १९८१ साली मेलबर्नला घावरीने ग्रेग चॅपलला पहिल्याच चेंडूवर त्रिफळाचीत केले होते. भारताने ती कसोटी जिंकली, पण लोकांना आठवतात ते फक्त कपिल देवचे पाच बळी, अशी त्यांची तक्रार होती. दुसऱ्याने इरफान पठाणला पुढे केले. जानेवारी २००६ मध्ये कराचीला कसोटीच्या पहिल्याच षटकात सलमान बट, युनूस खान आणि मोहम्मद युसूफ यांना सलग तीन चेंडूंवर बाद करणारा दुसरा कोण आहे, असा त्याचा सवाल. कॉलेजात जाणारा एक मुलगा मिचेल स्टार्कसाठी हट्टाला पेटला. जुलै २०२५ मध्ये किंग्स्टनला आपल्या शंभराव्या कसोटीत स्टार्कने अवघ्या ९ धावांत ६ बळी घेतले, वेस्ट इंडीजचा डाव २७ धावांत संपला आणि त्याच सामन्यात त्याचे ४०० बळीही पूर्ण झाले. हे सारे त्याला तोंडपाठ होते. बाकी सगळा मंडप झहीर खानच्या बाजूने होता.

या गोंगाटात एक नाव कोणीच घेतले नाही. आम्हीही नाही.

मग दादा आमच्याकडे वळले. "मास्तर, तुमी सांगा. तुमी तं पोरांना शिकवता."

मंडप गप्प झाला. आम्ही म्हणालो, "झहीर."

टाळ्या पडल्या. कोणी तरी पाठीवर थाप मारली. आम्हाला बरे वाटले, आणि हे बरे वाटणेच रात्री उशीखाली खड्यासारखे टोचू लागले. कारण आमचे खरे उत्तर वसीम अक्रम हे होते.

झहीरचे नाव घेण्यात लाज वाटावी असे काही नाही. तो आपल्या नगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूरचा. अभियांत्रिकीची वाट सोडून मुंबईत आला, तिथून चेन्नईच्या एमआरएफ पेस फाउंडेशनमध्ये गेला आणि रणजी खेळला तो बडोद्याकडून. २३ मार्च २००३ रोजी जोहान्सबर्गच्या विश्वचषक अंतिम सामन्यात त्याच्या पहिल्याच षटकात १५ धावा गेल्या. त्या दिवशी घराघरांत त्याचा उद्धार झाला. तोच गोलंदाज संघाबाहेर गेला, २००६ मध्ये इंग्लंडच्या वूस्टरशायर कौंटीकडून एक हंगाम राबला, आपली धाव आखडती घेऊन परतला आणि २००७ मध्ये नॉटिंगहॅमच्या कसोटीत ९ बळी घेऊन त्याने सामना जिंकून दिला. २०११ च्या विश्वचषकात त्याने २१ बळी घेतले. वानखेडेवरच्या अंतिम सामन्यात त्याची पहिली पाच षटके तीन निर्धाव, सहा धावा, एक बळी अशी होती. पडलेला माणूस उठतो कसा, हे मुलांना समजावताना आम्ही आजही झहीरचाच दाखला देतो.

पण प्रश्न 'लाडका कोण' असा नव्हता. 'मोठा कोण' असा होता. झहीरचे ९२ कसोटींत ३११ बळी, सरासरी ३२.९४. अक्रमचे १०४ कसोटींत ४१४ बळी, सरासरी २३.६२. एकदिवसीय सामन्यांत झहीरचे २८२, अक्रमचे ५०२. आकडे बाजूला ठेवले तरी डोळ्यांनी पाहिलेले उरतेच. चार पावलांची वाटावी अशी ती आखूड धाव, खांद्यावरून झपकन येणारा हात, एकाच चेंडूला दोन्ही दिशांनी वळवण्याची ती कला. १९९२ च्या अंतिम सामन्यात त्याने ॲलन लॅम्ब आणि ख्रिस लुईस यांना लागोपाठच्या चेंडूंवर बाद केले आणि विश्वचषक तिथेच फिरला. जुना चेंडू उलटा वळवण्याची विद्या सरफराज नवाझ, इम्रान खान आणि मग वसीम-वकार या वाटेने जगभर गेली. झहीर धावत येताना चेंडू हाताने झाकायचा तो याच विद्येपायी. शिष्याचे कौतुक करायचे आणि गुरुघराण्याचे नाव गिळायचे, हा कुठला न्याय?

मग आम्ही ते नाव का गिळले?

आमच्या लहानपणी भारत-पाकिस्तान सामना असला की अब्बा टीव्हीचा आवाज कमी करत आणि खिडकी लावून घेत. आम्ही सगळे भारताच्याच बाजूचे. सचिन खेळत असला की अम्मीची तसबीह वेगाने फिरे. पण भारताची विकेट पडली त्या क्षणी आमच्या घरातून कसलाही आवाज बाहेर जाता कामा नये, अशी सक्त ताकीद असे. स्वयंपाकघरात एखादे भांडे पडले तरी अम्मी दचकायची. शेजारी चांगलेच होते, कोणी कधी एका शब्दाने बोलले नाही. तरीही खिडकी लागायचीच.

३१ जानेवारी १९९९ चा दिवस आम्हाला त्या बंद खिडकीसह आठवतो. चेन्नईची कसोटी. द्रविडला टाकलेला अक्रमचा तो चेंडू लेग स्टंपच्या रोखाने आला आणि ऑफ स्टंपला जाऊन लागला. सचिनने दुखऱ्या पाठीने १३६ धावा काढल्या आणि भारत १२ धावांनी हरला. आम्ही रडलो. पडद्यावर मात्र वेगळेच चालले होते. अक्रमच्या संघाने मैदानाला फेरी मारली आणि चेपॉकचे हजारो प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत राहिले. आपला संघ हरल्याचे दुःख त्यांना नव्हते काय? होतेच. पण जे पाहिले त्याची साक्ष त्यांनी दिली, आणि त्या टाळ्यांबद्दल त्यांच्याकडे कोणी इमानाचा दाखला मागितला नाही.

आमच्याकडे तो मागितला जाईल, ही भीती निव्वळ मनाचा खेळ म्हणावी तर तसेही नाही. २४ ऑक्टोबर २०२१ रोजी दुबईत भारत पाकिस्तानकडून हरला आणि मोहम्मद शमीवर समाजमाध्यमांतून शिव्यांचा पाऊस पडला. कर्णधार कोहली त्याच्या पाठीशी जाहीरपणे उभा राहिला, ही त्यातली चांगली बाजू. पुढे २०२३ मध्ये वानखेडेवर न्यूझीलंडविरुद्ध ५७ धावांत ७ बळी घेऊन शमीने भारताला अंतिम फेरीत नेले, तेव्हा तोच सगळ्यांचा झाला. देशासाठी खेळणाऱ्यालाही असा हिशेब चुकता करावा लागतो, तर मंडपात बसणाऱ्या मास्तरची काय कथा!

तरीही भीतीवर सगळे ढकलून आम्हाला मोकळे होता येत नाही. 'झहीर' म्हणताना आमच्या मनात गर्वही होता. तो आपला, नावाने आपला, मराठी बोलणारा, नगरचा. भीती आणि गर्व या दोघींनी मिळून आमच्या तोंडून उत्तर काढले. त्यात आकड्यांना आणि डोळ्यांना कोणी विचारलेच नाही. स्वतःविरुद्ध, आप्तांविरुद्ध जात असली तरी खरी साक्ष द्यावी, आणि एखाद्या जमातीशी वैर असले तरी तिच्याशी इन्साफ सोडू नये, हे आम्ही मकतबात बालपणीच शिकलो. चौदाशे वर्षांपूर्वीची ती शिकवण क्रिकेटच्या मंडपापर्यंत आमच्याबरोबर आली नाही.

हे सारे कदाचित आठवडाभरात विसरलोही असतो. पण सोमवारी सातवीच्या वर्गात 'मेरा पसंदीदा खिलाड़ी' या विषयावर मुलांकडून मजमून लिहून घेतला आणि वह्या घरी आणल्या. एका मुलाने मोहम्मद सिराजवर लिहिले होते. हस्ताक्षर सुंदर, इमल्याच्या चुका नाहीत. मात्र एक वाक्य होते : सिराज उंचपुरे आहेत, डाव्या हाताने गोलंदाजी करतात आणि पहिल्याच षटकात विकेट घेतात. सिराज तर उजव्या हाताने टाकतो! आम्ही लाल पेनने ते शब्द अधोरेखित केले. मग वही दिव्याखाली तिरपी धरली. जिथे जिथे सिराजचे नाव होते तिथे कागद खोडरबराने घासून पातळ झाला होता. खालची पेन्सिलची अक्षरे अजून पुसट दिसत होती : शाहीन.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला एकट्याला विचारले, "बेटा, सिराज कब से बाएँ हाथ से गेंद डालने लगे?"

तो मान खाली घालून म्हणाला, "सर, अम्मी ने नाम बदलवा दिया. बाकी बदलना रह गया."

आम्ही त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्याला जागेवर जाऊन बसायला सांगितले. त्याला आणखी काय सांगणार? त्या मुलाच्या अम्मीत आम्हाला आमची अम्मी दिसली आणि त्या मुलात मंडपातले आम्ही. आम्हीही केवळ नावच तर बदलले होते. वर्णन मनात दुसऱ्याचेच होते. फरक इतकाच की तो बारा वर्षांचा आहे आणि आम्ही बी.एड. झालेलो, मुलांना दलील शिकवणारे.

पुढच्या रविवारी सामने संपत आले तेव्हा आम्ही दादांच्या शेजारी जाऊन बसलो. आजूबाजूला तीच मंडळी होती. आम्ही म्हणालो, "दादा, गेल्या रविवारी आम्ही खोटे बोललो. सर्वांत मोठा डावखुरा वसीम अक्रमच."

जरा वेळ कोणी बोलले नाही. एक पोरगा उठून बाहेर गेला, तो बहुधा याच कारणाने. तो गेला हे आम्ही पाहिले, म्हणून येथे नोंदवतो. स्टार्कवाला मुलगा मात्र सरसावून बसला. "मास्तर, सरासरी सांगता, पण झहीरनं आपल्या मेलेल्या खेळपट्ट्यांवर बोलिंग केली. ते नाय धरनार का?" मुद्दा वाजवी होता, आम्ही तो मान्य केला. पण लाहोर-फैसलाबादच्या खेळपट्ट्या तरी कुठे जिवंत होत्या, असे आम्ही विचारले. मग त्या वृद्ध गृहस्थांनी ऑस्ट्रेलियाच्या ॲलन डेव्हिडसनचे नाव काढले : फक्त ४४ कसोटी, पण १८६ बळी, सरासरी २०.५३! अर्धा तास असा वाद झाला की काही विचारू नका. गेल्या रविवारी सगळ्यांचे एकमत झाले होते, या रविवारी कोणाचेच होईना. आम्हाला हा रविवार अधिक खरा वाटला.

मंडळी पांगल्यावर दादांनी विडी पेटवली. "मास्तर, येक विचारू? तवाच का नाय बोललात?"

"भ्यालो," आम्ही म्हणालो.

दादा बराच वेळ खाडीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "ब्याण्णवची फायनल आमी मिठागरावर रेडिओवर ऐकली. अक्रमच, त्याच्यात काय बोलायचं? पन आमी बी त्याचं नाव नाय काढलं ना. तुमी बसलेले. त्याच्यावरून कोनी काय वंगाळ बोललं असतं, तं तुमाला लागलं असतं."

म्हणजे आम्ही त्यांच्या भीतीने गप्प होतो आणि ते आमच्या काळजीने. दोन्हीकडून खिडकी लावलेली. इतकी वर्षे एका छपराखाली राहून आम्हाला हे ठाऊक नव्हते.

सोमवारी आम्ही सातवीच्या मुलांना तोच मजमून पुन्हा लिहायला सांगितला. मुले कुरकुरली. आम्ही दोनच अटी घातल्या. खेळाडू कोणत्याही मुल्काचा असो, तो का आवडतो याची निदान तीन कारणे द्या. दुसरी अट, "इस बार पेन्सिल से नहीं, कलम से लिखना."

त्या मुलाने वर पाहिले. मग कंपासपेटीतून पेन काढले, टोपण दातात धरले आणि लिहायला लागला. त्याने कोणाचे नाव लिहिले, ते त्याच्या वहीतच राहू द्यावे. तीन कारणे मात्र चोख होती.