कुरडईचं पाकीट आणि गुणांचा तक्ता

विद्यार्थ्यांचा प्रोजेक्ट हातात आला की मी आधी ‘मर्यादा’ हे प्रकरण उघडते. वेळ अपुरा पडला, नमुना लहान होता, निष्कर्ष या शहरापुरतेच. बहुतेक अहवालांत एवढंच असतं. यंदा बीबीएच्या एका गटाने तिथे लिहिलं होतं, ‘आम्ही आधी ज्यांना प्रश्न विचारले ते कुरडया विकत घेणारे नव्हतेच.’ मग मी तो अहवाल पहिल्या पानापासून वाचायला घेतला.

विषय होता एका बचत गटाच्या कुरडया-पापडांचं मार्केटिंग. सुरुवात नेहमीसारखीच. गूगल फॉर्म वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरला, ‘पूर्णपणे सहमत’पासून ‘पूर्णपणे असहमत’पर्यंत लायकर्टच्या पायऱ्यांवर खुणा झाल्या, आणि इन्स्टाग्राम पेज उघडावं असं ठरलं. त्यानंतर मुलं आठवडी बाजारात गटातल्या ताईंशेजारी जाऊन उभी राहिली. गिऱ्हाईक पाकीट उचलायचं, उलटसुलट करायचं आणि विचारायचं, “यंदाच्याच ना?” तारीख होती, पण प्लास्टिकवर बॉलपेनने लिहिलेली, हाताळून हाताळून पुसली गेलेली. भाव न विचारताच माणसं पुढे जात. मुलांनी छापील स्टिकर करून दिलं: कुरडया घातल्या तो महिना, वजन, एफएसएसएआयचा 14 अंकी नोंदणी क्रमांक. ताईंनी आपल्या अनुभवाने भर घातली, “एक कुरडई तळून समोर ठेवा. चीक नीट शिजलाय की नाही, ते फुलण्यावरून कळतं.”

आता आमचा गुणांचा तक्ता. ‘विश्लेषण करणे’, ‘मूल्यमापन करणे’ ही आमच्या उद्दिष्टांतली क्रियापदं ब्लूमच्या 1956च्या वर्गीकरणातून, पुढे 2001मध्ये सुधारलेल्या मांडणीतून आली. गुण मात्र जातात प्रश्नावली, आलेख, बांधणी आणि सादरीकरणाला. मॅकार्थीने 1960मध्ये मांडलेले मार्केटिंगचे चार ‘पी’ सुबक चौकटींत बसवणारा दुसरा गट तिथे सहज पुढे गेला. या मुलांनी भावाची अडचण आणि भरवशाची अडचण वेगळी काढली, स्वतःच गोळा केलेली माहिती तपासून बाजूला सारली. विश्लेषण आणि मूल्यमापन आणखी कशाला म्हणायचं?

तरीही उद्दिष्टं गुंडाळून ठेवा असं मी कधीच म्हणणार नाही. लेखी निकष नसले की फाडफाड इंग्रजी बोलणारा गुण घेऊन जातो आणि मराठी माध्यमातून आलेली, चाचरत बोलणारी मुलगी मागे राहते. त्या मुलीसाठी तक्ता हवाच. पुरावा कुठे शोधायचा, हे मात्र बदलायला हवं. अंतिम अहवालात सगळं घासूनपुसून आलेलं असतं; विचार कुठे वळला ते कच्च्या वहीत सापडतं. म्हणून व्हायव्हाच्या वेळी मी अहवालाशेजारी ती वही ठेवली. एक्स्टर्नल बाईंनी पानं चाळली आणि नेमकं विचारलं, “विक्री स्टिकरमुळे वाढली की लग्नसराईमुळे?” मुलांना ते वेगळं करून दाखवता आलं नाही. तिथले गुण कापले गेले, ते योग्यच झालं. विश्लेषणाच्या रकान्यात भरघोस दिले. सादरीकरणात कमी पडले ते कमीच ठेवले.

पुढच्या वर्षी ही वही सक्तीची करावी, असा प्रस्ताव मी विभागात ठेवला आहे. आणखी एक मागणी आहे. मुलांचा प्रोजेक्ट संपल्यावर बचत गटाने स्टिकरांचा दुसरा गठ्ठा स्वतःच्या पैशाने छापून आणला. त्यासाठी आमच्या तक्त्यात रकाना नाही. तो मला हवा आहे.