पतंग, पण मांज्याशिवाय

तर मंडळी, या विकांताचा विषय पतंग. संक्रांतीचा नव्हे, पंखांचा! आपल्या भाषेची ही एक गंमतच आहे. मराठीत 'पतंग' शोधायला जा, आधी मांजा आणि फिरकी हजर. म्हणून नावाच्या आधी वर्णन.

पुण्यात वेताळ टेकडीवर पावसाळा सरता सरता गवतातून चालायला लागलात की पायाशी पांढुरकं काहीतरी फडफडतं, चार-पाच हात उडतं आणि परत गवतात गडप. हळूच जाऊन उकिडवं बसायचं. पंख अंगाभोवती गुंडाळून बसलेला, विडीसारखा सडपातळ पतंग दिसतो. दुधी पंखांवर बारीक काळे ठिपके आणि त्यांच्या मधूनमधून लाल डाग, कुणी कुंकवाची बोटं उठवावीत तसे. उडताना मागचे पांढरे पंख आणि त्यांची वेडीवाकडी काळी किनार दिसते. पंख पसरले तर जेमतेम तीन-चार सेंटिमीटर. दिवसा उडतो म्हणून लोक त्याला सर्रास फुलपाखरू म्हणतात, पण मिशा बघा. फुलपाखराच्या मिशीच्या टोकाला गाठ असते. याच्या मिश्या नुसत्या दोऱ्यासारख्या.

नाव युटेथिसा पल्केला. लिनियसनं १७५८ साली ठेवलेलं. लॅटिनमध्ये पल्केला म्हणजे छोटंसं सुंदर काहीतरी, थोडक्यात आपली 'छकुली'. मात्र लोट्रिक्स नावाचा याचा सख्खा भाऊही आपल्याकडे आहे आणि नुसत्या फोटोवरून दोघांत फरक करणं फार अवघड. त्यामुळे मी माझ्या नोंदीत 'युटेथिसा' एवढंच लिहून थांबतो. सॉफ्टवेअर कळलं, व्हर्जन नाही कळलं, तर तसं लिहावं. धुरकट फोटोवर छातीठोकपणे पूर्ण नाव ठोकून देणारे बघितले की मला आमच्या टेस्टिंगशिवाय रिलीज करणाऱ्या लोकांची आठवण येते :)

खरा प्रश्न पुढचा. एवढासा जीव, भर उन्हात, पांढऱ्यावर लाल घालून हिंडतो. पक्ष्यांना डोळे नाहीत का?

उत्तर शेजारच्या झुडपावर. खुळखुळा! पिवळी फुलं, फुगीर शेंगा, आणि शेंगा वाळल्या की आत बिया खुळखुळ वाजतात. (शास्त्रीय नाव क्रोटालारिया, तेही ग्रीकमधल्या अशाच एका वाद्यावरून. म्हणजे ग्रीकांनी आणि आपल्या पोरांनी एकाच गोष्टीकडे लक्ष दिलं.) या झाडात पायरोलिझिडीन जातीची विषारी अल्कलॉइडं असतात, गुरांच्या यकृताला घातक. युटेथिसाची अळी हीच झाडं खाते, किंवा भुरुंडीसारखी त्याच जातीचं विष असलेली दुसरी. विष पचवून टाकत नाही, अंगात साठवते. अळीचा पतंग झाला तरी साठा शाबूत. लाल ठिपके म्हणजे पाटी आहे: कडू माल.

कॉर्नेल विद्यापीठातले थॉमस आयस्नर (१९२९-२०११) यांनी फ्लोरिडात याच्याच अमेरिकन चुलतभावावर, युटेथिसा ऑर्नॅट्रिक्सवर, केलेलं काम वाचून मी थक्क झालो. हा पतंग कोळ्याच्या जाळ्यात अडकला की धडपडत नाही, स्वस्थ पडून राहतो. कोळी येतो, तपासतो आणि जाळ्याचे धागे कापून त्याला चक्क सोडून देतो! मग आयस्नर आणि मंडळींनी काही अळ्या खुळखुळ्याऐवजी राजम्याच्या जातीच्या बियांवर वाढवल्या. त्यांचे पतंग दिसायला हुबेहूब तसेच, फक्त आत विष नाही. कोळ्यानं ते खाऊन टाकले. पाटी तीच, दुकान रिकामं.

याहून भारी भाग लग्नाचा. नर मादीला जो गंध दाखवतो तो त्याच विषापासून बनलेला. म्हणजे वास हाच बँक बॅलन्सचा दाखला. मीलनात तो आपल्या साठ्यातला वाटा मादीला देतो, ती त्यात स्वतःचा घालून अंड्यांना देते. अंडी घातल्यावर दोघंही निघून जातात, पण अंड्यांना आईबापांचं विष राखतं.

हे सगळं मी फोनवर मामांना ऐकवलं. ते शेतकरी, हिरवळीच्या खतासाठी ताग पेरतात, आणि ताग म्हणजे खुळखुळ्याचाच भाऊ. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "अरे, काळी केसाळ अळी ना, पाठीवर पांढरी रेघ, मधेमधे भगवं? दरवर्षी असते."

"मग तुम्ही फवारता का, मामा?"

"गाडायचाच ताग, त्याला कशाला फवारू? बियाण्याचा असता तर शेंगा पोखरते, तेव्हा बघितलं असतं."

आता टेकडीचं सांगतो, कारण लिहायला बसलो ते त्यासाठीच. गेल्या जुलैत आमच्या ऑफिसचा वृक्षारोपणाचा कार्यक्रम ठरला. टीशर्ट, केळी, ग्रुप फोटो. जागा निवडली ती 'ओसाड' म्हणून, म्हणजे नेमका तो गवताचा आणि खुळखुळ्याचा पट्टा. पुण्याच्या टेकड्यांवर पूर्वी गिरिपुष्प भरपूर लावलं गेलंय. त्याच्या दाट सावलीत जाऊन बघा, गवत किती दिसतं ते. माझं झाडांशी वैर नाही हो. पण जिथे कुरण आहे तिथे झाड लावणं म्हणजे कुणाचं तरी घर पाडून बाग करणं.

मी आयोजक मुलीला अळ्यांचे फोटो दाखवले. ती म्हणाली, "सर, खड्ड्यांचे पैसे दिलेत." तरी माझ्याबरोबर चालत आली, अळी हातावर घेतली, आणि कंत्राटदाराशी स्वतः भांडून एक कडा सोडवली. साधारण वीस पावलं लांब, सहा पावलं रुंद. बाकी पट्ट्यात खड्डे झालेच.

ऑक्टोबरात त्या कडेवर तासाभरात मी अकरा पतंग मोजले. खड्ड्यांच्या बाजूला दोन. एका सकाळच्या मोजणीवरून निष्कर्ष काढत नाही, पण आकडे वहीत आहेत आणि यंदाही मोजणार आहे. कुणाला यायचं असेल तर रविवारी सात वाजता, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून या. कुसळं फार आहेत.