भांगाची भरती

गेले दोन महिने आमच्या घरी वेंगुर्ल्याला जाण्याचे बेत चालू आहेत. मुक्काम दोनच दिवसांचा आणि हेतूही एकच : किनाऱ्यावर उभे राहून गरवणे. गरी म्हणजे गळ आणि गळ टाकून मासे पकडणे म्हणजे गरवणे, एवढे घाटावरच्या वाचकांसाठी सांगून ठेवतो. माझ्या वडिलांचे बालपण वेंगुर्ल्याच्या बंदरालगत गेले. १९६९ साली नोकरीसाठी ते कोल्हापूरला आले आणि गरी तिकडेच राहिली. आज ते ७८ वर्षांचे आहेत. 'एकदा गरवूक जावया,' असे ते या श्रावणात जेवताना सहज म्हणाले. त्यांनी आपणहून काही मागितल्याचे मला दुसरे उदाहरण आठवत नाही.

मी प्राध्यापकी सवयीने कॉलेजचे वेळापत्रक पुढे ओढले. शनिवार-रविवारला जोडून एक सुटी येत होती. तारीख सांगितली. वडिलांनी भिंतीवरच्या कॅलेंडरात चष्मा वर करून पाहिले आणि म्हणाले, 'अष्टमीक? भांगाक थंय जावन काय करतलस?'

या वाक्याने मी वरमलो, त्याचे कारण वेंगुर्ल्याशी नव्हे तर माझ्या वर्गाशी निगडित आहे. अनेक वर्षांपूर्वी बी. ए.च्या वर्गात कोकणातली एक कथा शिकवताना 'भांगाची भरती' हा शब्दप्रयोग आला. एका विद्यार्थिनीने अर्थ विचारला. मी क्षणभरही न अडखळता सांगितले की, ही झिंगलेल्या, बेभान समुद्राची प्रतिमा आहे. भांग हा शब्द लेखकाने किती समर्पकपणे योजला आहे पाहा! मुलांनी ते उतरवून घेतले. वास्तविक शाळेच्या भूगोलात हा शब्द आपण सर्वांनीच वाचलेला असतो. अमावास्या-पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात आणि पाणी सर्वाधिक चढते-उतरते, ते उधाण. अष्टमीच्या सुमारास सूर्य आणि चंद्र यांची ओढ एकमेकींना काटकोनात असते, पाण्याचा चढ-उतार सर्वांत कमी असतो, तो भांग. म्हणजे मी सांगितला होता त्याच्या नेमका उलटा अर्थ. समुद्र बेभान तर नव्हताच. तो सर्वांत मंद होता, आणि त्या कथेतल्या माणसांची निराशा त्या मंदपणात होती. मी त्यांना आवेश बहाल करून मोकळा झालो होतो.

वडिलांना यातले काही सांगितले नाही. फक्त भांगात काय बिघडते ते विचारले. 'पाणी हलना नाय, मासो खंय येतलो?' पाणी चढू लागले की वाळूतले किडे-किरवे उघडे पडतात आणि त्यांच्या मागे मुडदुशी, शेंगाळे काठाशी येतात, हे त्यांनी समजावले. मग त्यांनी हिशेब शिकवला. तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. भरती रोज पाऊण तासाहून किंचित अधिक मागे सरकते. त्या सरकण्याचाच हा ढोबळ आडाखा. किनाऱ्यागणिक थोडा फरक पडतो, पण बेत आखायला तो पुरतो.

सकाळी उजाडताना चढते पाणी हवे, म्हणजे भरती आठ-नऊला हवी. गणित एकादशीवर आले. आईने स्वयंपाकघरातूनच 'एकादशीला मासे मारायला जाणार?' एवढेच विचारले आणि आम्ही निमूटपणे द्वादशीवर सरकलो. बारा पाऊणे नऊ. येती वद्य द्वादशी मंगळवारी आहे. मंगळवारी माझे तीन तास असतात, हे मी सांगून पाहिले. 'समुद्राक आयतवार नसता,' असे उत्तर मिळाले.

एकनाथी भागवत शिकवताना अवधूताच्या चोवीस गुरूंपाशी मी दरवर्षी रेंगाळतो. त्यांत समुद्र आहे आणि मासाही आहे. समुद्र नद्यांनी फुगत नाही, उन्हाळ्याने आटत नाही, म्हणून तो गुरू. मासा जिभेपायी गळाला लागतो, म्हणून तोही गुरू. हा अर्थ मी तन्मयतेने सांगतो. परंतु दिवसातून दोनदा चढणारा आणि दोनदा उतरणारा समुद्र मी कधी वर्गात आणला नाही, कारण तो मलाच ठाऊक नव्हता.

सामानाची यादी लहान आहे : तंगूस, गऱ्या, शिसे आणि आमिषाला तिथल्या बाजारातली कोळंबी. मी दुकानातून आणलेली घडीची काठी वडिलांनी हातात घेतली, वाकवून पाहिली आणि काही न बोलता भिंतीला टेकवून ठेवली. नंतर तंगुसाला गरी बांधायला बसले. बोटे थरथरत होती. तीनदा गाठ सुटली. चौथ्यांदा त्यांनी दोरा माझ्या हातात दिला आणि तोंडाने सांगत माझ्याकडून गाठ मारून घेतली.

एक प्रश्न मी पुढे ढकलत होतो. त्यांची बसायची जागा बंदराजवळच्या खडकांवर होती. तिथे शेवाळ असते आणि वडिलांचे गुडघे आता जिनाही नीट चढू देत नाहीत. हे कोणत्या शब्दांत सांगावे याची मी मनात जुळवाजुळव करत होतो. गाठ ओढून पाहता पाहता तेच म्हणाले, 'खडपार नको. सागरेश्वराक जावया. तू गरव, मी वाळूत बसान बघतंय.'

त्या विद्यार्थिनीचे नाव मला आठवते, पत्ता ठाऊक नाही. ती स्वतः आता कुठे शिकवत असली, तर झिंगलेला समुद्र तिच्याही विद्यार्थ्यांच्या वह्यांत गेला असेल. तो परत आणण्याचा मार्ग मला दिसत नाही. या वर्षीच्या वर्गात मात्र ती कथा नेमलेली नसतानाही मी काढली, फळ्यावर तिथी आणि वेळा मांडल्या, आणि पूर्वी मी काय सांगितले होते तेही सांगितले. मुले हसली. एकाने विचारले, 'सर, आज किती वाजता भरती?' मी तिथी आठवली, मनात पाऊणपट केली आणि उत्तर दिले.

मंगळवारच्या किरकोळ रजेचा अर्ज काल दिला. कारणाच्या रकान्यात 'घरगुती' असे लिहिले आहे.