अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्याने

गुजरातेतून येणारा हा रस्ता अक्कलकुवा, तळोदा, शहादा, शिरपूर, चोपडा, यावल, फैजपूर, सावदा, रावेर अशी गावे घेत मध्य प्रदेशात बऱ्हाणपूरला पोचतो. पूर्वेकडे तोंड केले की डाव्या हाताला सातपुडा आणि उजव्या हाताला तापी. तापी खोऱ्याची सुरत लाइन १९०० साली पुरी झाली, पण ती नदीच्या दक्षिणेकडून, नंदुरबार-अमळनेरवरून गेली. त्यामुळे शहादा, शिरपूर, चोपडा, यावल यांच्या वाट्याला आजही स्टेशन नाही. दवाखाना असो, परीक्षा असो की बाजार, एसटी आली तर जायचे.

शहादा १ जुलै १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात होते, नंतर नंदुरबार जिल्हा झाला. इथेच १९७२ साली श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग सुरतवंतींसारख्या भिल्ल कार्यकर्त्यांनी जमिनीचा आणि मजुरीचा प्रश्न गावोगाव नेला. आपल्या तरुणांनी ही चळवळ जरूर अभ्यासावी.

शिरपूरजवळ मुंबई-आग्रा रस्ता आडवा जातो. पुढे सीमेवरची अनेर नदी ओलांडली की जळगाव जिल्हा. चोपड्यानंतर केळीच्या बागा दाट होत जातात, आणि यावलच्या अलीकडे किनगाव लागते.

फेब्रुवारी २०२१ मध्ये धुळे जिल्ह्यातून पपई भरून रावेरकडे निघालेला ट्रक किनगावजवळ रात्री उलटला. मजूर मालाबरोबरच बसलेले होते. किमान पंधरा जण दबून मेले. त्यांत बाया होत्या, लेकरे होती. बहुतेक जण आभोड्याचे व रावेर तालुक्यातल्या आसपासच्या गावांचे. दिवसभर माल भरायचा आणि त्याच मालावर बसून घरी यायचे, कारण परतीच्या वेगळ्या गाडीचा खर्च कोणी धरलेलाच नसतो. मालाच्या ट्रकवर माणसे बसवायला कायद्याने मनाई आहे, हे चालकालाही ठाऊक असते अन् मुकादमालाही. माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्यांसाठी १९६९ पासून माथाडी कायदा आहे. बांधावर फळे भरणाऱ्या किती जणांची त्यात नोंद आहे, हे कार्यकर्त्यांनी आपापल्या गावात विचारून पाहावे.

पुढचे फैजपूर १९३६ च्या काँग्रेस अधिवेशनाचे. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन, अध्यक्ष पंडित नेहरू. त्यानंतर सावदा आणि रावेर, म्हणजे पुन्हा आगगाडी.

भरणीला जाणाऱ्या आपल्या बंधू-भगिनींनी मजुरी ठरवतानाच मुकादमाला विचारावे : रात्री परत कशाने आणणार, आणि भाडे कोणाचे?